वस्तीसोबत प्रकल्प कसा करावा: नागपूरच्या विद्यार्थ्यांसाठी पहिल्या भेटीपासून शेवटच्या फाइलपर्यंत

प्रकल्प संपल्यावर त्या लोकांच्या हातात काय राहील? सामुदायिक प्रकल्प घेणाऱ्या प्रत्येक गटाला मी पहिल्याच बैठकीत हे विचारतो. अहवाल कॉलेजच्या कपाटात जातो, गुण गुणपत्रिकेवर चढतात, विद्यार्थी पुढच्या सत्राला लागतात. ज्या बचत गटाने, अंगणवाडीने किंवा गल्लीने आपला वेळ दिला, त्यांच्याकडे काय उरलं? याचं उत्तर सुरुवातीलाच एका वाक्यात लिहिता आलं, की विषय, प्रश्नावली, वेळापत्रक सगळं त्या वाक्यामागे येतं. त्या वाक्यापर्यंत कसं पोचायचं आणि पोचल्यावर काय करायचं, ते इथे लिहितो आहे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० आल्यापासून पदवीच्या आराखड्यात फील्ड प्रोजेक्ट आणि कम्युनिटी एंगेजमेंटला वेगळे क्रेडिट मिळू लागले. अशा कामात एक क्रेडिट म्हणजे साधारण ३० तास धरतात, म्हणजे दोन क्रेडिटचा प्रकल्प ६० तासांचा. विचार मात्र जुना आहे आणि आपल्याच अंगणातला आहे. नागपूरहून पाऊणशे किलोमीटरवर, वर्ध्यात, ऑक्टोबर १९३७ मध्ये भरलेल्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हाताच्या कामातून शिकण्याची मांडणी केली आणि त्यातून नई तालीम उभी राहिली. १९६९ पासून राष्ट्रीय सेवा योजनेची मुलं शिबिरं करत आली आहेत. शिबिरातलं श्रमदान आणि क्रेडिटचा प्रकल्प यांत एक फरक ध्यानात ठेवा: प्रकल्पात तुमचा विषय कामाला लागला पाहिजे. कॉमर्सच्या मुलीने हिशेब न्यावा, भूगोलाच्या मुलाने नकाशा, केमिस्ट्रीवाल्यांनी पाण्याची तपासणी.

आधी कॅलेंडर बघा

नागपुरात कामाचा वेळ सत्राच्या वेळापत्रकावर ठरत नाही. ऊन, पाऊस, सण आणि सरकारी कामकाज मिळून तो ठरवतात.

पहिल्या सत्रात जुलैपासून प्रवेश आणि वर्ग बसण्यात महिना जातो. ऑगस्ट-सप्टेंबर हा खरा कामाचा काळ, पण त्यातच पोळा, मारबत, गणपती येतात. पुढे धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर लाखोंनी लोक येतात. त्या दिवसांत उत्तर नागपुरातल्या अनेक वस्त्या पाहुण्यांच्या आणि लंगरच्या तयारीत गुंतलेल्या असतात. तेव्हा मुलाखतीला न जाता हात लावायला जा. ओळख होण्यासाठी त्याहून चांगला मुहूर्त नाही.

दुसऱ्या सत्रात डिसेंबर म्हणजे हिवाळी अधिवेशन. सिव्हिल लाइन्सकडचे रस्ते बंदोबस्तात, अधिकारी अधिवेशनाच्या ड्यूटीवर, आणि तुमचं पत्र टेबलावर तसंच. सरकारी कार्यालयातून काही हवं असेल तर नोव्हेंबरमध्येच अर्ज टाका. मार्चमध्ये सगळीकडे मार्च एंड, बचत गटांचे हिशेब, संस्थांचे ऑडिट. एप्रिल लागला की सकाळी दहानंतर फील्डवर जाण्यात अर्थ नाही. ऊन तुम्हालाही लागतं आणि दुपारी दार उघडून तुमच्याशी बोलणाऱ्या मावशींनाही. म्हणून दुसऱ्या सत्रातलं मुख्य काम जानेवारी ते फेब्रुवारी अखेर एवढ्यात बसवा.

साठ तासांची वाटणी मी साधारण अशी सांगतो: ओळख आणि नुसतं ऐकणं ८ तास, प्रश्न ठरवणं आणि करार ६, प्रत्यक्ष काम २४, माहितीची मांडणी १०, सोपवणं ६, नोंदवही आणि अहवाल ६. पुष्कळ गट पहिले आठ तास वाचवायला बघतात. ते वाचवू नका.

भागीदार कसा शोधायचा

संस्थांची यादी उघडून फोन करत बसण्यापेक्षा आपल्या रोजच्या रस्त्यावरून सुरुवात करा. तुम्ही ज्या चौकात चहा पिता, तिथला ठेलेवाला त्या परिसरातल्या प्रत्येक संघटनेला, महिला मंडळाला, क्रीडा मंडळाला ओळखतो. अंगणवाडी ताई आणि आशा ताई यांच्याकडे तर घरागणिक माहिती असते. बुद्धविहार समित्या, गणेश मंडळं, मोहल्ल्यातली वाचनालयं, मनपा शाळांचे मुख्याध्यापक, हातमागवाल्यांच्या सहकारी सोसायट्या हे सगळे भागीदार होऊ शकतात. नोंदणीकृत संस्था असली तर कॉलेजच्या कागदपत्रांना सोपं जातं. नसली तरी अडत नाही, निर्णय घेणारी चार माणसं असली आणि ती पुढचे तीन महिने तिथेच राहणार असली म्हणजे झालं.

महापालिकेचे दहा झोन आहेत: लक्ष्मीनगर, धरमपेठ, हनुमाननगर, धंतोली, नेहरूनगर, गांधीबाग, सतरंजीपुरा, लकडगंज, आशीनगर, मंगळवारी. ज्या वस्तीत काम करायचं ती कोणत्या झोनमध्ये येते आणि तिथली जमीन मनपाकडे, नासुप्रकडे (नागपूर सुधार प्रन्यास) की आणखी कोणाकडे आहे, हे पहिल्याच आठवड्यात समजून घ्या. जमिनीच्या पट्ट्यांचा, नळाचा, गडरलाइनचा म्हणजे सांडपाण्याच्या नळीचा प्रश्न निघाला की हीच माहिती लागते आणि तेव्हा ती हाताशी नसली तर तुम्ही चुकीच्या दारात उभे राहता.

एक गोष्ट मात्र आवर्जून सांगतो. जिथे काही आधीच चाललेलं आहे, तिथे जा. हिस्लॉप कॉलेजचे क्रीडा शिक्षक विजय बारसे यांनी २००१ मध्ये स्लम सॉकर सुरू केलं, ते पावसात फुटक्या प्लास्टिकच्या भांड्याला लाथा मारत खेळणारी झोपडपट्टीतली मुलं पाहून. मुलं आधीपासून खेळत होती. सरांनी त्यांना चेंडू दिला, स्पर्धा दिली, पुढे मैदान मिळालं. ‘या वस्तीत काय नाही’ याची यादी करायला कुणालाही एक दुपार पुरते. ‘इथे काय चाललंय’ हे बघायला वेळ लागतो, आणि तुमचा प्रकल्प त्यातूनच निघतो.

पहिली भेट

पहिल्या भेटीला पूर्ण गट नेऊ नका. दोघं जा, त्यातली एक मुलगी असू द्या. कॉलेजचं पत्र बरोबर ठेवा, पण दाखवायची घाई नको. प्रश्नावली नको, कॅमेरा नको, टी-शर्टवर प्रकल्पाचं नाव नको.

वेळ त्यांची पाळा. घरकामाला जाणाऱ्या बायका साधारण दुपारी एक ते चार घरी असतात. कळमन्याच्या बाजारात हमाली किंवा अडत करणाऱ्यांचा दिवस पहाटे सुरू होऊन दुपारी संपतो. ठेलेवाल्यांशी बोलायचं तर संध्याकाळची गर्दी सुरू होण्याआधी. रोजीवर जाणाऱ्याला भर दिवसा बैठकीला बसवलं तर त्याची मजुरी बुडते, आणि ती भरून देण्याची आपली ताकद नसते. तेव्हा बैठक रविवारी किंवा रात्री जेवणं झाल्यावर, आणि कबूल केलेल्या वेळेत संपवायची.

भाषेचं भान ठेवा. पूर्व आणि उत्तर नागपूरच्या कित्येक वस्त्यांत घरात छत्तीसगढी बोलतात, बाहेर हिंदी. कुठे हलबी कानावर पडेल, कुठे गोंडी. बहुतेक ठिकाणी आपली वऱ्हाडी वळणाची मराठी आणि हिंदी यांची मिसळ चालते. पुस्तकी मराठीत विचारलेल्या प्रश्नाला माणसं पुस्तकी उत्तर देतात. गटात निदान एकाला त्या वस्तीची बोली येत असली पाहिजे. नसेल तर त्याच वस्तीतली कॉलेजला जाणारी मुलगी किंवा मुलगा गटात घ्या आणि कामाचं श्रेय अहवालावर नावानिशी द्या.

पहिल्या भेटीत विचारायचं एवढंच: तुमचा दिवस कसा जातो, कोणत्या कामात सगळ्यात जास्त वेळ खर्च होतो, मागच्या वर्षी कोणती अडचण आली आणि तुम्ही काय केलं. शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. लोकांनी स्वतः काढलेल्या तोडग्यातच पुढच्या कामाचं बीज असतं. आणि हेही विचारा की याआधी कोणी विद्यार्थी आले होते का, त्यांनी काय केलं. शहरातल्या काही वस्त्यांत इतकी सर्वेक्षणं झाली आहेत की नवा फॉर्म दिसताच माणसं दार लोटून घेतात. तो त्यांचा हक्क आहे.

प्रश्न लहान करा

‘नागपूरमधील महिलांचे सक्षमीकरण’ हा प्रकल्पाचा विषय होऊ शकत नाही. ‘आपल्या गटाचा पापड किती रुपयांना विकला तर परवडेल’ हा होतो. हे उदाहरण जरा सविस्तर बघू, कारण विषय लहान केला की शिकायला किती मिळतं, ते यात दिसतं.

समजा एका बचत गटाच्या चार बायका एका दिवसात पाच किलो उडदाचे पापड लाटतात. पीठ १४० रुपये किलोने ७०० रुपये. मिरे, हिंग, पापडखार, तेल, मीठ मिळून २००. दोनशे ग्रॅमची २५ पाकिटं, पिशवी आणि लेबल धरून प्रत्येकी ४ रुपये, म्हणजे १००. ऑटोभाडं १५०. एकूण ११५०. पाकीट ७० रुपयांना विकलं तर हातात १७५०. वहीत नफा ६०० दिसतो आणि गट खूश असतो.

आता त्यांच्यासोबत बसून वेळ मांडा. भिजवणं-कुटणं-लाटणं-वाळवणं-भरणं यात चौघींचे प्रत्येकी सहा तास गेले. एकूण २४ तास. सहाशे भागिले चोवीस, म्हणजे तासाला २५ रुपये. तुमच्या कामाचा भाव किती धरायचा, हे त्यांनाच ठरवू द्या. समजा त्या ४० रुपये तास म्हणाल्या. मजुरी ९६०, एकूण खर्च २११०, आणि एका पाकिटाचा खरा खर्च ८४ रुपयांच्या वर. सत्तरला विकलेलं प्रत्येक पाकीट त्यांच्या श्रमातून भरून निघत होतं.

इथे थांबू नका. दुकानदार २० टक्के कमिशन घेत असेल, तर तेवढे पैसे हातात पडायला छापील किंमत १०५ च्या पुढे जाते. मग निर्णय समोर येतात. दुकानात ठेवायचं की गणपती-दिवाळीच्या ऑर्डरी घरोघरी घ्यायच्या? लाटणं कमी वेळात व्हावं म्हणून हातानं चालणारं यंत्र घ्यायचं का, आणि त्याचे पैसे किती महिन्यांत वसूल होतील? पावसाळ्यात वाळवण कुठे करायची? यातला प्रत्येक निर्णय गटाचा आहे. तुमचं काम आकडे समोर ठेवण्याचं. खर्चाचं वर्गीकरण, योगदान (विक्री किंमत वजा बदलता खर्च), ना-नफा-ना-तोटा बिंदू हे सगळं वर्गात झालेलं असतं, पण एखाद्या काकूंनी ‘मग आम्ही इतके दिवस फुकटच लाटत होतो का?’ असं विचारल्यावर ते वेगळ्या तऱ्हेने समजतं. त्या प्रश्नाला घाईने उत्तर देऊ नका. त्यांनी लाटलेल्या पापडांतून पोरांच्या फिया गेल्या आहेत, हेही हिशेबात धरावं लागतं.

याच प्रकल्पाला लेबलचं काम जोडता येतं. खाद्यपदार्थाच्या पाकिटावर घटकांची यादी, निव्वळ वजन, तारीख, उत्पादकाचं नाव-पत्ता, शाकाहाराचं हिरवं चिन्ह आणि एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा) १४ अंकी क्रमांक लागतो. नोंदणीचा अर्ज गटातल्याच एखाद्या ताईंनी भरावा, तुम्ही बाजूला बसा. पुढच्या वेळी तुम्ही नसाल.

दुसरं उदाहरण भूगोल, सिव्हिल किंवा आर्किटेक्चरच्या मुलांसाठी. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे झालेल्या मुसळधार पावसात अंबाझरी तलाव भरून वाहिला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. अंबाझरी ले-आऊट, डागा ले-आऊट, कॉर्पोरेशन कॉलनी, मोरभवन बसस्थानकापर्यंत. त्या रात्रीची आठवण लोकांना अगदी भिंतीवर बोट ठेवून सांगता येते. एका गल्लीतल्या वीस घरांत त्या खुणा मोजा. महागडं यंत्र लागत नाही. गवंडी वापरतात तो पारदर्शक लेव्हल पाइप घ्या, त्यात पाणी भरा, आतले हवेचे बुडबुडे काढा. एक टोक पहिल्या घराच्या खुणेशी, दुसरं टोक शेजारच्या भिंतीशी. दोन्ही टोकांतलं पाणी एकाच पातळीला थांबतं. असं घरामागून घर जात, रस्त्यावरच्या एखाद्या न हलणाऱ्या जागेपासून, म्हणजे गडरच्या झाकणापासून किंवा पुलाच्या कठड्यापासून, प्रत्येक खुणेची आणि प्रत्येक ओट्याची उंची काढा.

हातात काय येतं? गल्लीचा एक छेद-नकाशा, ज्यात कोणतं घर किती सेंटिमीटर पाण्याखाली गेलं होतं ते दिसतं. त्यातून रहिवाशांना तीन गोष्टी करता येतात: विजेचं मीटर आणि बोर्ड खुणेच्या वर चढवणं, तळमजल्यावरचा फ्रिज-कपाट किती उंच ठेवायचं ते ठरवणं, आणि झोन कार्यालयात मोजमापासह अर्ज देणं. नाल्याच्या साफसफाईचं वेळापत्रक किंवा कामाचा नकाशा हवा असेल तर माहिती अधिकारात अर्ज करा, फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. अर्ज पहिल्याच पंधरवड्यात गेला तर उत्तर सत्राच्या आत हाती येतं. अर्ज रहिवाशांच्या नावाने असेल तर जास्त बरं, कारण अपील करायची वेळ आली तर ते इथेच असतील. नाल्यात मात्र कुणीही उतरायचं नाही, पाणी घोट्याएवढं दिसलं तरी.

जेवढं मोजलं तेवढंच सांगा

केमिस्ट्री-मायक्रोबायोलॉजीच्या मुलांना महाल भागातल्या किंवा जुन्या वस्तीतल्या विहिरींची तपासणी फार आवडते. चांगला विषय आहे. पण टीडीएस मीटर पाण्यात बुडवून ‘पाणी पिण्यायोग्य आहे’ असं कधीही सांगू नका. ते मीटर फक्त विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतं. भारतीय मानकात टीडीएसची इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आणि दुसरा स्रोत नसल्यास २००० आहे. आकडा ३०० आला आणि शेजारी गडर झिरपत असली, तर पाणी जंतूंनी भरलेलं असू शकतं. जंतूंसाठी हायड्रोजन सल्फाइड चाचणीची कुपी वापरा, दूषित पाण्याने ती एक-दोन दिवसांत काळी पडते. नायट्रेटची मर्यादा ४५ मिलिग्रॅम आहे आणि जुन्या शहरात ती तपासण्यासारखी असते. निकाल संशयास्पद आला तर नमुना सरकारी प्रयोगशाळेत जाऊ द्या, आणि तोवर, संशय जंतूंचा असेल तर, लोकांना ‘उकळून प्या’ एवढंच सांगा. नायट्रेट उकळून जात नाही, ते जास्त आलं तर ‘हे पाणी पिऊ नका’ सांगा.

हाच नियम सगळीकडे. आरोग्याच्या प्रकल्पात निदान करू नका, कायद्याच्या प्रकल्पात सल्ला देऊ नका. योग्य दार दाखवा आणि पहिल्या वेळी सोबत जा.

एका पानाचा करार

विद्यापीठाचा सामंजस्य करार कॉलेज बघून घेईल. तुम्हाला लागतो तो एका पानाचा, मराठीत किंवा हिंदीत, मोठ्या अक्षरात लिहिलेला कागद. त्यात काय काम करणार, कोणत्या तारखेपर्यंत, कोण किती वेळ देणार, खर्च कोण करणार, माहिती आणि फोटो कोण कुठे वापरणार, आणि शेवटी कोणती वस्तू कोणाच्या हातात देणार एवढं असावं. ‘आम्ही काय करणार नाही’ हेही त्यात लिहा: निधी आणून देणार नाही, नोकरी लावणार नाही, सरकारी कामाची हमी देणार नाही. हे आधी वाचून दाखवलं की नंतर कुणाची आशा मोडत नाही.

खर्च भागीदारावर टाकायचा नाही, चहासुद्धा प्रत्येक वेळी त्यांचा नको. बसभाडं, झेरॉक्स, तपासणीचे किट यांचा अंदाज आधी काढून विभागप्रमुखांना द्या.

माणसांची माहिती घेताना

प्रश्नावली बारा प्रश्नांच्या वर जाऊ देऊ नका. आधी तिघांना विचारून बघा, जिथे ते अडखळतील तो प्रश्न बदला. ‘महिन्याची कमाई किती’ याला खरं उत्तर मिळत नाही, आणि रोजीवरच्या माणसाला ते नीट सांगताही येत नाही. ‘मागच्या आठवड्यात किती दिवस काम मिळालं, रोज किती मिळाला’ हे विचारा. जात, आजार, घरातली भांडणं, कर्ज यांतलं काहीही प्रकल्पाला खरंच लागत नसेल तर विचारू नका. आधार क्रमांक तर कधीच नको.

संमती म्हणजे फॉर्मवरची सही इतकीच नव्हे. माहिती कशाला हवी, कोण वाचेल, नको वाटलं तर मधेच थांबता येईल, हे तोंडी समजावून सांगा. अठरा वर्षांखालच्या मुलांशी बोलायचं तर आईवडिलांची परवानगी घ्या, आणि मुलांसोबत एकट्याने कधीही बसू नका, दार उघडं आणि शिक्षक किंवा ताई समोर. मुलांचे फोटो समाजमाध्यमांवर टाकू नका. अहवालात नावांऐवजी क्रमांक वापरा, आणि नाव-क्रमांकांची यादी वेगळ्या वहीत, मार्गदर्शकांकडे.

नोंदवही

प्रत्येक भेटीनंतर त्याच दिवशी लिहायचं. तारीख, कोण भेटलं, त्यांचेच शब्द, काय अनपेक्षित वाटलं, पुढे काय. ‘भेट यशस्वी झाली, महिलांनी उत्तम प्रतिसाद दिला’ या नोंदीतून कुणाला काहीच कळत नाही. अशी नोंद बघा: ‘आज सातपैकी तिघीच आल्या. मावशी म्हणाल्या, नळ एकच तास येतो, तो सोडून बैठकीला कोण येईन. आपण नळाची वेळ विचारलीच नव्हती. पुढची बैठक पाच वाजता.’ यात एक अडचण, तिचं कारण आणि दुरुस्ती तिन्ही आहेत. गुण द्यायचे तर मी याला देतो.

सोपवणं

बहुतेक प्रकल्प इथे ढासळतात. सादरीकरण कॉलेजच्या सभागृहात होतं, पाहुणे येतात, पुष्पगुच्छ दिला जातो, आणि ज्यांच्यासाठी काम केलं ते मागच्या रांगेत बसतात किंवा येतच नाहीत. पहिलं सादरीकरण वस्तीत करा, विहारात, समाजभवनात किंवा झाडाखाली. तिथे झालेल्या दुरुस्त्या घेऊन मगच कॉलेजला जा.

ज्या वस्तू मागे ठेवायच्या त्या वापरणाऱ्याच्या सोयीच्या असाव्यात. हिशेबाचा तक्ता लॅमिनेट करून भिंतीवर. फोनवर चालणारी एक्सेल शीट त्यांना जमत असेल तरच, नाहीतर रकाने आखलेली वही. गल्लीचा नकाशा मोठ्या कागदावर, घरांच्या खुणा लोक ओळखतील अशा नावांनी.

आणि सगळ्यात जास्त लक्ष याकडे द्या: जे काही ऑनलाइन उभं केलं, ते पहिल्या दिवसापासून भागीदाराच्या नावावर हवं. इन्स्टाग्राम पान विद्यार्थ्याच्या ईमेलवर, गूगल मॅपवरची दुकानाची नोंद दुसऱ्याच्या नंबरवर, क्यूआर कोड तिसऱ्याच्या खात्याचा, असं झालं तर तुम्ही नोकरीला पुण्याला गेलात की गटाची ऑर्डर बंद पडते. ईमेल गटाच्या नावाने काढा, फोन नंबर गटातल्या बाईंचा द्या, क्यूआर गटाच्या बँक खात्याचाच असू द्या. पासवर्ड वहीत लिहून वही अध्यक्षांकडे, आणि तुमच्या फोनमधून खातं काढून टाका, तेही त्यांच्या समोर. मग त्यांना एकदा तुमच्या मदतीशिवाय एक पोस्ट टाकायला किंवा एक ऑर्डर लिहायला सांगा. जमलं नाही तर सोपवणं अजून झालेलं नाही.

शिक्षकांसाठी

भागीदाराकडे छापील फॉर्म देऊन दहापैकी गुण मागू नका. पोरांचं नुकसान नको म्हणून सगळे दहा देतात. त्याऐवजी महिन्याभराने फोन करून विचारा: मुलांनी दिलेल्यापैकी काय वापरता, काय पडून आहे? उत्तर दोन ओळीत लिहून घ्या आणि ते मूल्यमापनात धरा. परीक्षेच्या तारखांमुळे ते शक्य नसेल तर निदान पुढच्या तुकडीला ते वाचून दाखवा. जो गट ‘आमचा प्रश्न चुकला होता, सहाव्या आठवड्यात बदलला’ असं प्रामाणिकपणे नोंदवहीत लिहितो, त्याचे गुण कापले जाऊ नयेत. तुमच्या गुणदान पत्रकात त्यासाठी रकाना ठेवा, नाहीतर मुलं चुका लपवायला शिकतात.

एका वस्तीत दरवर्षी नवा विषय नेण्यापेक्षा एकाच भागीदारासोबत तीन-चार वर्षं राहणं मला फार मोलाचं वाटतं. पहिल्या तुकडीने हिशेब मांडला, दुसरीने लेबल आणि नोंदणी केली, तिसरीने विक्री बघितली, असं काम वाढत जातं. त्यासाठी प्रत्येक गटाने जाताना पुढच्यांसाठी दोन पानं लिहून ठेवावीत. त्यात कोणत्या ताई कोणत्या वेळी भेटतात, कोणाला भेटल्याशिवाय वस्तीत काम सुरू होत नाही, कोणता प्रश्न परत विचारू नये, कोणता अर्ज कोणत्या टेबलावर अडला आहे आणि त्याचा क्रमांक काय, कोणतं वचन अर्धवट राहिलं आहे. त्याची एक प्रत विभागात, एक भागीदाराकडे. जुलैमध्ये नवा गट आला की त्याने पहिला फॉर्म भरायच्या आधी ही दोन पानं वाचायची, आणि मग त्यातल्याच एखाद्या ताईंना फोन करून विचारायचं, ‘कधी येऊ?’